अथाबास्काचा काळा काठ

दरड उन्हानं तापून पाझरत होती. आमची होडी काठापासून दहा-बारा हातांवर थांबली होती आणि समोर तीन-चार मजले उंचीची काळीकुट्ट दरड उभी होती. तिच्या अंगावरून मधूनमधून जाड ओघळ उतरत होते, इतके सावकाश की हलताना दिसत नव्हते. फक्त त्यांची टोकं ओली चकाकत होती. वास ओळखीचा होता. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे रस्त्याची कामं निघतात, पिंपाखाली जाळ घालतात, तेव्हा येतो तोच. पण इथं जाळही नव्हता आणि पिंपही नव्हतं. दोन्ही काठांना मैलोन्‌मैल जंगल, आणि जमिनीतून आपलं आपण बाहेर येणारं डांबर.

मी भाईंदरची. आमच्या उत्तनच्या, शेजारच्या गोराईच्या वाळूत पावसाळ्यात काळे तेलगोळे वाहून येतात. कुठे जहाजानं टाकी धुतलेली असते, कुठे गळती झालेली असते. पायाला चिकटले की खरवडून निघत नाहीत. रॉकेल नाहीतर खोबरेल लावून सोडवावे लागतात. उत्तनच्या होड्या ज्या समुद्रात जातात त्याच समुद्रात, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या तेलविहिरी खणणाऱ्या मंचानं बॉम्बे हायचं तेल शोधलं. त्यामुळे वाळूत डांबर म्हणजे कुणीतरी केलेली घाण, एवढंच मला जन्मभर ठाऊक होतं. डांबर हाच ज्याचा मूळ धर्म आहे असा नदीकाठ असू शकतो, हे डोळ्यांनी पाहीपर्यंत मनाला पटलं नाही.

हा काठ अथाबास्का नदीचा. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात उत्तरेला फोर्ट मॅकमरे नावाचं गाव आहे, तिथे माझी भाची आणि तिचा नवरा राहतात. एडमंटनला विमानातून उतरायचं आणि तिथून सव्वाचारशे किलोमीटरहून जास्त गाडीनं. वाटेत वस्ती फारशी लागत नाही. सूचिपर्णी झाडं, दलदल, पुन्हा सूचिपर्णी झाडं. जुलैत रात्री साडेदहालाही बाहेर पेपर वाचता येईल एवढा उजेड असतो. पहिल्या रात्री मी पडदे ओढून, डोळ्यांवर ओढणी बांधून झोपले. जावई खाणीतल्या ट्रकांच्या देखभालीचं काम करतो. एकेक ट्रक चारशे टन माल उचलणारा, चाकच माणसाच्या दुपटीहून उंच. खाणी मला त्यानं पहिल्या आठवड्यातच महामार्गावरून दाखवल्या. त्या पाहून छाती दडपते. पण मला पाहायची होती ती न खणलेली जागा.

“मावशी, तिथं काय बघणार तू?” भाची म्हणाली. “झाडं आणि डास.”

आल्बर्टातला डांबरी वाळूचा पट्टा सुमारे १ लाख ४२ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. त्यातून काढता येण्याजोगं तेल १६० अब्ज पिंपांहून जास्त मोजतात. पण वरून माती काढून उघडी खाण करता येईल इतक्या उथळ थराचा भाग जेमतेम ४,८०० चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातलाही थोडाच प्रत्यक्ष खणला गेला आहे. बाकीचं डांबर खोल आहे. ते काढायला रॉजर बटलर या अभियंत्याची युक्ती वापरतात: जमिनीखाली एकावर एक दोन आडव्या विहिरी न्यायच्या, वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, आणि पातळ झालेलं डांबर खालच्या विहिरीतून ओढून घ्यायचं. त्यापुढे आमची सगळी मीरा-भाईंदर महापालिका सुमारे ७९ चौरस किलोमीटरची, आणि २०११ च्या जनगणनेत तिच्यात ८ लाख ९ हजार माणसं होती. आमच्याकडे मिठागर असो, खाजण असो की डोंगराचा उतार, रिकामी दिसली जागा की तिच्यावर कुणाचा ना कुणाचा नकाशा तयार असतो. जगातल्या सर्वांत मोठ्या तेलसाठ्यांपैकी एकावर उभं असलेलं जंगल तसंच उभं आहे म्हणजे नेमकं काय, हे मला पाहायचं होतं.

होडीवाला फोर्ट चिपेवायनचा, क्री आणि मेटी या मूळ रहिवाशांच्या घराण्यातला, माझ्याच वयाचा. फोर्ट चिपेवायन हे नदीच्या मुखाशी, अथाबास्का सरोवराच्या काठी १७८८ मध्ये वसलेलं ठाणं. तिथे जायला उन्हाळ्यात रस्ता नाही. होडी किंवा विमान. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत गोठलेल्या दलदलीवरून गाड्या जातात. नदी उत्तरेकडे वाहते, त्यामुळे खाली जायचं म्हणजे वर, नकाशात. मला सारखं डोक्यात उलटं होत होतं.

फोर्ट मॅकमरेतून निघाल्यावर पहिल्यांदा नदीला अगदी खेटून कारखाना येतो. ३० सप्टेंबर १९६७ रोजी ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स कंपनीनं इथंच व्यापारी उत्पादन सुरू केलं. आता ती सनकोर. मग मधूनच तोफेसारखा धडाका होतो. मी दचकले. होडीवाला शांतपणे म्हणाला, “बदकांसाठी.” डांबर धुतल्यावर उरलेलं गढूळ, विषारी पाणी मोठमोठ्या तलावांत साठवतात, आणि स्थलांतर करणारे पक्षी ते साधं पाणी समजून त्यात उतरू नयेत म्हणून आवाज करत राहतात. २००८ च्या एप्रिलमध्ये सिंक्रूड कंपनीच्या तलावात एका थव्यातली सोळाशेच्या आसपास बदकं मेली, तेव्हा जगाला हे तलाव माहीत झाले. फोर्ट मॅके गाव मागे पडेपर्यंत ते धडाके ऐकू येत होते. त्यानंतर फक्त इंजिनाचा आवाज उरला.

आणि मग काठ काळे होत गेले.

होडीवाल्यानं एका ठिकाणी रेतीच्या पट्ट्यावर होडी लावली. मी दरडीच्या पायथ्याशी गेले. पायाशी पाण्याच्या पातळीला फिकट, पांढरट चुनखडी होती आणि तिच्यावर एकदम काळा थर बसलेला. ती चुनखडी सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राची. तिच्यावरची काळी वाळू ११-१२ कोटी वर्षांपूर्वीची. मी एका हाताचा पंजा त्या सांध्यावर आडवा ठेवला. पंजाखाली पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ गडप झालेला होता.

खाली पडलेला एक ढेकूळ उचलला. नारळाएवढा, पण आकाराच्या मानानं जड. बाहेरून काळा, किंचित भेगाळलेला. दोन्ही हातांनी दाबून फोडला तेव्हा आतून तपकिरी निघाला आणि वास भपकन वर आला. कण बारीक, अगदी एकसारखे, पांढऱ्या वाळूचे. प्रत्येक कणाभोवती काळं आवरण. होडीवाल्यानं सांगितलं ते नंतर जावयानंही सांगितलं: कण आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. म्हणून तर गरम पाण्यानं डांबर वाळूपासून सुटतं. वजनाच्या हिशेबानं शंभरात दहा-बारा भाग डांबर, बाकी वाळू, चिखल, पाणी. एक पिंप तेल मिळवायला साधारण दोन टन वाळू उपसायची. मोकळं झालेलं डांबरही तेलासारखं वाहत नाही. थंडीत गोठलेल्या काकवीसारखं जागच्या जागी बसून राहतं.

माझ्या नखांत ते गेलं. धुवून जाईना. होडीवाल्यानं डब्यातून स्वयंपाकाचं तेल काढून माझ्या तळहातावर ओतलं आणि फडका दिला. उत्तनला आजी खोबरेल चोळून आमचे तळपाय सोडवायची. पृथ्वीच्या दोन टोकांना तोच उपाय माणसांना सुचला याचा मला फार आनंद झाला.

पण मी तिथे सर्वांत जास्त वेळ थांबले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. दरड नुसती काळी नव्हती. जवळून पाहिलं तर तिच्यात तिरके थर होते: बोटभर वाळू, मग कागदाएवढा पातळ चिखल, पुन्हा वाळू, पुन्हा चिखल. सगळे एकाच बाजूला कललेले. मी ते पाहत राहिले, कारण ते मला माहीत होते. वसईच्या खाडीला ओहोटी लागली की भाईंदरच्या बाजूला काठावर नेमके असेच थर उघडे पडतात. भरतीच्या जोरानं वाळू येते, पाणी थांबलं की चिखल बसतो. भूगर्भशास्त्रज्ञ या काळ्या वाळूच्या थराला मॅकमरे थर म्हणतात आणि सांगतात की तो नदीमुखाचा, खाडीचा गाळ आहे. म्हणजे मी उभी होते ती एका खाडीत. तिथं भरती-ओहोटी होत होती तेव्हा मुंबईखालचा काळा दगड जन्मालाही आला नव्हता. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

तेल त्या खाडीत नंतर आलं. पश्चिमेला रॉकी पर्वत उचलला जात असताना खोलवरचं तेल दाबानं शेकडो किलोमीटर सरकत या सच्छिद्र वाळूत शिरलं. जिवाणूंनी त्यातला हलका, पातळ भाग लाखो वर्षं खाल्ला. जड, चिकट भाग उरला. आपण ज्याला संपत्ती म्हणतो ते जिवाणूंना न पचलेलं आहे. ती खाडी होती त्याच सुमाराच्या समुद्रात एक चिलखती डायनोसॉर वाहून आला आणि तळाशी गाळात रुतला. २१ मार्च २०११ रोजी सनकोरच्या मिलेनियम खाणीत उत्खनन यंत्र चालवणाऱ्या कामगाराला तो दिसला, अंगावरच्या कवचासह, कातडीसकट. बोरिअलोपेल्टा असं त्याचं नाव, आणि २०१७ पासून तो ड्रमहेलरच्या रॉयल टायरेल संग्रहालयात लोकांना पाहायला मांडलेला आहे. हे न्यायानं सांगायला हवं: तो खाणीमुळेच सापडला.

या काठाची माहिती बाहेरच्या जगाला तीनशे वर्षांपासून आहे. १७१९ मध्ये वा-पा-सू नावाच्या क्री माणसानं हडसन बेच्या ठाण्यावर या वाळूचा नमुना नेला. अलेक्झांडर मॅकेंझीनं अठराव्या शतकाच्या अखेरीस इथले डांबराचे झरे पाहिले आणि वीस फुटी काठी त्यात विनासायास बुडते असं नोंदवलं. क्री आणि डेने लोक या डांबरात स्प्रूसच्या झाडाचा डिंक मिसळून भूर्जाच्या सालीच्या होड्यांच्या फटी बुजवायचे. जेवढं लागेल तेवढं काठावरून उचलायचं.

पुढे १९१३ मध्ये सिडनी एल्स सरकारतर्फे आला, नमुने नदीतून होड्यांनी वर ओढत नेले आणि १९१५ मध्ये एडमंटनच्या एका रस्त्यावर ही वाळू घालून दाखवली. कार्ल क्लार्कनं आल्बर्टाच्या संशोधन मंडळात १९२० च्या दशकात गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्यानं डांबर वेगळं करायची पद्धत बसवली, जी आजही पायाभूत आहे. क्लार्क १९६६ च्या डिसेंबरात वारला, पहिला मोठा कारखाना सुरू व्हायच्या नऊ-दहा महिने आधी.

बिटुमाऊंट हे ठिकाण आम्हाला उजव्या काठावर लागलं. गंजलेल्या टाक्या, कोसळलेली छपरं, झाडांत बुडालेली चिमणी. रॉबर्ट फिट्झसिमन्स नावाच्या माणसानं १९३० च्या सुमारास इथे छोटा कारखाना घातला आणि छपरांच्या गळतीवर लावायचं डांबर विकायला काढलं. भाईंदरच्या गच्च्यांवर आम्ही दर मे महिन्यात तेच तर करतो. त्याचं कर्ज फिटलं नाही, कारखाना हातचा गेला. एवढ्या साठ्यावर बसलेला माणूस कर्जात बुडाला, हे मला कुठल्याही खाणीपेक्षा जास्त सांगून गेलं. काठावर पडलेलं डांबर फुकट आहे. ते वाळूपासून सोडवायला लागणारी उष्णता, पाणी आणि माणसं फुकट नाहीत.

त्याहून थरकाप उडवणारी कल्पना १९५८ ची. रिचफील्ड ऑइल कंपनीच्या मॅन्ली नॅटलँड या भूगर्भशास्त्रज्ञानं जमिनीखाली अणुबॉम्ब फोडून डांबर पातळ करायचं सुचवलं. फोर्ट मॅकमरेच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर पोनी क्रीकची जागाही ठरली. नऊ किलोटनचा स्फोट. समित्या बसल्या, अहवाल झाले, आणि १९६२ पर्यंत कॅनडा सरकारनं ते बासनात बांधलं. मी हे होडीवाल्याला विचारलं तेव्हा त्यानं मान हलवली आणि पाण्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, “आमच्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं.”

बिटुमाऊंटच्या पुढे, फोर्ट मॅकमरेपासून सुमारे ११० किलोमीटरवर, डाव्या काठाला त्यानं इंजिन बंद केलं. “हीच ती जागा,” म्हणाला. पाहायला खरंच भाची म्हणाली तसंच: झाडं आणि डास. डास एवढे की जाळीची टोपी घालूनच श्वास घ्यायचा. बर्च, पॉप्लर, काळपट स्प्रूस, खाली जांभळ्या फुलांचे तुरे, आणि ओल्या वाळूत ताटलीएवढे गोल खूर उमटलेले. रानगव्याचे. रोनाल्ड लेकचा कळप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जंगली बायसनांचा हा मुलूख. इथून उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर वुड बफलो राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. १९२२ चं, आणि १९८३ पासून जागतिक वारसा.

इथे टेक कंपनीची फ्रंटियर खाण होणार होती. अर्ज २०११ चा. रोज २ लाख ६० हजार पिंप तेल, एकेचाळीस वर्षं, सुमारे २९० चौरस किलोमीटर जमीन. म्हणजे साडेतीनहून जास्त मीरा-भाईंदर उपसून काढायची. खर्च २० अब्ज डॉलरच्या वर. जुलै २०१९ मध्ये सरकारी समितीनं स्पष्ट लिहिलं की पाणथळ जागा, जुनं जंगल, बायसन आणि मूळ रहिवाशांचे हक्क यांचं मोठं नुकसान होईल. आणि तरीही लोकहितासाठी मंजुरीची शिफारस केली. केंद्र सरकारचा निर्णय तोंडावर आला असताना, २३ फेब्रुवारी २०२० ला, कंपनीनंच अर्ज मागे घेतला. हवामानाच्या धोरणाचा गुंता सुटलेला नाही, असं तिच्या प्रमुखानं पत्रात म्हटलं. तेव्हा तेलाचा भाव पिंपाला पन्नास डॉलरच्या आसपास घुटमळत होता, हेही विसरता येत नाही.

मला वाटलं होतं होडीवाला खूश असेल. तो म्हणाला, “आमच्या दोन्ही जमातींनी, मिकिस्यू क्री आणि अथाबास्का चिपेवायन, कंपनीशी करार केले होते.” मग माझ्याकडे वळून, “नाही म्हटल्यानं कधी थांबलंय? म्हणून अटी घालून हो म्हटलं. माझा भाऊ खाणीत आहे. मुलांना कामं हवीत. आणि पाणीही हवं.” कर्ल खाणीच्या तलावातून झिरपणारं पाणी २०२२ च्या मे महिन्यात दिसलं होतं, पुढच्या फेब्रुवारीत त्याच खाणीतून ५३ लाख लिटर पाणी सांडलं, तेव्हा कुठे गावाला खरी कल्पना आली. “नऊ महिने आम्ही त्याच नदीतले मासे खात होतो,” तो म्हणाला.

मी दरडीवरच्या ओघळांविषयी विचारलं. नदीत डांबर तर आपोआपही उतरतं आहे, हजारो वर्षं. कंपन्या हेच सांगत आल्या होत्या. त्यावर डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९-१० च्या सुमारास कारखान्यांभोवतीच्या बर्फाचे नमुने तपासून दाखवलं की पन्नास किलोमीटरच्या घेरात हवेतून पडणारी प्रदूषकं कारखान्यांचीच आहेत. दरडीचा पाझर वेगळा आणि धुराड्याची काजळी वेगळी. होडीवाल्याला त्या अभ्यासाची गरज नव्हती. “दरड आम्हाला माहीत आहे,” एवढंच म्हणाला.

तिथे उभं राहून मला जे जाणवलं ते मी तसंच लिहिते. जमीन खणली नाही म्हणून ती पडीक नसते. या काठावर एक खाडी आहे, गव्यांचा रस्ता आहे, एका गावाचं पाणी आहे, आणि या साऱ्यांची नोंद तेलाच्या पिंपांच्या हिशेबात कुठेच येत नाही. भाईंदरमध्ये मी मिठागरं आकसताना पाहिली, खारफुटीत भराव पडताना पाहिला, आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, तिथं होतं काय? त्या प्रश्नाचं उत्तर मला या काठानं दिलं. मी पेट्रोलवर चालणाऱ्या होडीतून तिथे पोचले, विमानानं कॅनडा गाठला, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सगळं उद्या बंद करा असं मी म्हणत नाही.

परतल्यावर जेवताना जावयाशी बोलणं निघालं. “मावशी, भाव चढला की कुणीतरी पुन्हा कागद काढणार,” तो म्हणाला. “डांबर कुठे जातंय?” उद्यानाला लागून २०१९ मध्ये किटास्किनो नुवेनेने नावाचं राखीव क्षेत्र झालं, आणि ते पुढे वाढवताना काही कंपन्यांनी आपले पट्टे सोडले, हे त्यानंच सांगितलं, पण सगळा काठ त्यात नाही.

“मग माझ्या पोरानं काय करायचं?” त्यानं विचारलं. प्रश्न खरा होता. मी म्हटलं, उघडलेल्या खाणींतच तुम्हाला कितीतरी वर्षांचं काम आहे, आणि खणलेली जमीन पूर्ववत करायची तर त्याहून जास्त. ते करा. त्या पुढच्या काठाला हात लावू नका.

“हे मला सांगून काय होणार? प्रांताच्या सरकारला सांगा.”

“पत्ता दे,” मी म्हटलं. “मराठीत लिहिते, तू इंग्रजी करून दे.” भाचीनं फ्रिजवरचा कागद काढला आणि त्यानं एडमंटनच्या विधिमंडळाचा पत्ता लिहून दिला.